अणुकेंद्राची रचना कळते कशी: मारा करून की वाट बघून?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'अणुकेंद्राची रचना शोधायला काही जण त्याच्यावर कणांचा मारा करतात, काही जण जमिनीखाली डिटेक्टर ठेवून एखाद्या दुर्मीळ क्षयाची वर्षानुवर्षं वाट बघतात. यातली खरी पद्धत कोणती? आणि विश्वाच्या वयाच्या अब्ज पट अर्धायुष्य मोजलं असं म्हणतात, ते कसं शक्य आहे? पीएच.डी.साठी मला दोनपैकी एक गट निवडायचाय.'

या कामात माझी पंचविसेक वर्षं गेली. पहिली काही वर्षं कणांना वेग देणाऱ्या ॲक्सेलरेटरवर, बीम टाइमच्या (यंत्राचा कणझोत आपल्या वाट्याला येतो त्या वेळेच्या) रात्री जागवण्यात. नंतरची जमिनीखालच्या जर्मेनियम डिटेक्टरपाशी, जिथे आठवडाभरात एखादा काउंट (नोंदलेली घटना) आला तर त्याच्याकडे संशयानेच बघायचं असतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, माझं तसं झालं नाही. एका घरात अडलेलं कोडं दुसऱ्या घरात सुटताना मी बरेचदा पाहिलंय. तेव्हा 'खरी पद्धत कोणती' याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: एकटी कुठलीच नाही. दोघींना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि काही राशी अशा आहेत की दोघींचे आकडे एकत्र केल्याशिवाय त्या निघतच नाहीत.

आधी मारा. पाठ्यपुस्तकात याला प्रकीर्णन म्हणतात, लॅबमध्ये सगळे स्कॅटरिंगच म्हणतात, मीही तेच म्हणेन. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणुकेंद्राच्या आकाराच्या साधारण दहा कोटी पट असते, म्हणजे प्रकाशात केंद्रक दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तरंगलांबी फेमटोमीटरपर्यंत (१० चा उणे १५ वा घात मीटर) खाली आणायला इलेक्ट्रॉनला काहीशे एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा द्यावी लागते. १९५० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हेच केलं. ४२० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ३ फेमटोमीटर येते. हे इलेक्ट्रॉन कार्बनच्या पातळ पत्र्यावर सोडायचे, आणि चुंबकीय स्पेक्ट्रोमीटर एकेका कोनावर नेऊन किती इलेक्ट्रॉन त्या दिशेला वळले ते मोजायचं. (तो अवजड चुंबक फिरवायला तोफेची बैठक वापरली होती. अणुभौतिकीतल्या बऱ्याच थोर प्रयोगांचं सामान असं भंगारातूनच जमलेलं असतं.)

कोन वाढत जाईल तशी संख्या झपाट्याने घसरते. पण कार्बनच्या बाबतीत ५० अंशांच्या आसपास एक खळगा येतो, त्यानंतर आलेख जरा वर उठून पुन्हा उतरतो. ऑक्सिजनचा खळगा ४५ अंशांच्या जवळ येतो. वर्तुळाकार अडथळ्यामागे प्रकाशाची जी कडी दिसतात, त्यातलंच हे प्रकरण: अडथळा मोठा तर खळगा लहान कोनाला. ढोबळ सूत्र हवं तर ०.६१ गुणिले तरंगलांबी, भागिले कोनाचा साइन. कार्बनसाठी हा आकडा २.३ फेमटोमीटर येतो, ऑक्सिजनसाठी २.६. कागदाच्या कोपऱ्यावर करता येईल असं गणित आहे, जरूर करून बघा. एका खळग्यावरून आकार कळतो, आणि पुढचे दोन-तीन खळगे हाती आले की विद्युतभार केंद्रापासून कडेपर्यंत कसा पसरलाय याचा अख्खा नकाशा काढता येतो.

त्या नकाशांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. हलकी केंद्रकं सोडली तर आतली घनता सगळीकडे जवळपास सारखीच, घन फेमटोमीटरला ०.१७ कण. आणि कड टोकदार नाही: घनता नव्वद टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर यायला साधारण २.४ फेमटोमीटर लागतात. हॉफस्टॅटर यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

इलेक्ट्रॉन नुसता वळत नाही, कधी ऊर्जा देऊनही जातो. किती ऊर्जा गमावून आला यावरून केंद्रक कोणत्या पातळीवर उचललं गेलं ते कळतं, आणि कोनानुसार ती शक्यता कशी बदलते यावरून त्या पातळीचा घाट कळतो. हे लक्षात ठेवा, शेवटी याची गरज पडणार आहे.

अडचण अशी की इलेक्ट्रॉनला दिसतो तो विद्युतभार, म्हणजे प्रोटॉन. शिसे-२०८ मध्ये प्रोटॉन ८२ आणि न्यूट्रॉन १२६. निम्म्याहून जास्त माणसं फोटोतच नाहीत! जादाचे न्यूट्रॉन कडेला साल धरून बसतात असा अंदाज जुना आहे. ते साल किती जाड, हा प्रश्न गेली काही दशकं आमच्या धंद्यातला सगळ्यात हट्टी प्रश्न आहे. त्याचं उत्तर न्यूट्रॉन ताऱ्याच्या आकाराशी बांधलेलं आहे, कारण साल बाहेर ढकलणारा दाब आणि ताऱ्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तोलून धरणारा दाब एकाच प्रकारचा. दोन वस्तूंच्या आकारात एकावर अठरा शून्यं इतका फरक, आणि समीकरण तेच.

न्यूट्रॉन बघायला प्रोटॉनचा मारा करता येतो, पण त्यात केंद्रकातले कण बांधून ठेवणारं तीव्र बल मध्ये येतं आणि त्या बलाचं मॉडेल उत्तरात मिसळतं. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबने दुसरी वाट धरली. इलेक्ट्रॉन क्षीण बलानेही (बीटा क्षयामागचं बल) वळतो, आणि या बलाला प्रोटॉन जवळपास दिसतच नाही, न्यूट्रॉन मात्र ठळक दिसतो. पण क्षीण बलाचा वाटा विद्युतचुंबकीय वाट्यापुढे नगण्य. तो वेगळा कसा काढायचा? क्षीण बल उजव्या आणि डाव्या स्पिनच्या (स्वतःभोवतीच्या फिरकीच्या) इलेक्ट्रॉनमध्ये भेद करतं, विद्युतचुंबकीय बल करत नाही. म्हणून बीमचा स्पिन सेकंदाला शेकडो वेळा उलटा-सुलटा करायचा आणि दोन्ही वेळच्या मोजणीतला फरक काढायचा.

शिसे-२०८ साठी हा फरक आला अब्जात ५५०. दहा लाख इलेक्ट्रॉनांमागे अर्धा! स्पिन उलटवताना बीम नॅनोमीटरभर जरी सरकला तरी खोटा फरक तयार होतो, म्हणून अर्धी मेहनत बीमची जागा, ऊर्जा आणि प्रवाह यांवर डोळा ठेवण्यात जाते. शिशाचं आणखी एक दुखणं म्हणजे ते चटकन वितळतं. त्यासाठी शिशाचा पातळ थर हिऱ्याच्या दोन पातळ चकत्यांमध्ये दाबून बसवला, कारण हिरा उष्णता झटपट वाहून नेतो. किरणांच्या माऱ्याने हिराही हळूहळू खराब होतो, मग टार्गेट बदलायचं.

२०२१ मध्ये निकाल आला: साल ०.२८३ फेमटोमीटर, अधिक-उणे ०.०७१. बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा जाड. पुढच्याच वर्षी त्याच लॅबने त्याच पद्धतीने कॅल्शियम-४८ मोजला, तर तिथे साल निघालं ०.१२१, म्हणजे पातळच. गोची अशी की शिशात जाड साल देणारी मॉडेलं कॅल्शियममध्येही जाड देतात. दोन्ही आकडे एकाच मॉडेलमध्ये नीट बसवणं फार जड जातंय. त्याआधी, २०११ मध्ये, जपानमधल्या ओसाकाच्या गटाने प्रोटॉन जवळजवळ शून्य अंशावर वळवून शिशाची विद्युत ध्रुवणीयता (विद्युत क्षेत्रात केंद्रकातला भार किती सरकतो ते) मोजली होती. त्यावरून मॉडेलच्या मदतीने साल ०.१६ च्या आसपास येतं.

माझं मत विचाराल तर एवढ्यात मॉडेलं फेकून देऊ नयेत. ०.०७१ ही त्रुटी लहान नाही, ती ध्यानात घेतली तर भांडण वाटतं तितकं विकोपाला गेलेलं नाही. जर्मनीत माइन्झला नवा ॲक्सेलरेटर उभा राहतोय, तिथे शिशाचं मोजमाप पुन्हा व्हायचंय. पण त्रुटीच्या पट्ट्या बाजूला ठेवून नुसता मधला आकडा उचलायचा आणि त्यावर न्यूट्रॉन ताऱ्यांचे मनोरे रचायचे, असे लेख अधूनमधून वाचनात येतात. त्यांपासून जपून राहा.

आता दुसरं घर, आणि तुमचा अर्धायुष्याचा प्रश्न.

अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, मोजायला तितकी वर्षं थांबावं लागत नाही. अणू भरपूर असले की झालं. बिस्मथ-२०९ घ्या. २००३ पर्यंत तो जगातला सगळ्यात जड स्थिर समस्थानिक मानला जायचा. त्या वर्षी फ्रान्समधल्या ओर्से इथल्या गटाने तो अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा गठ्ठा) सोडतो हे दाखवलं. अर्धायुष्य १.९ गुणिले १० चा १९ वा घात, म्हणजे १९ वर १८ शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे हे त्याच्या अब्जाहून जास्त पट. आता गणित करा: एक ग्रॅम बिस्मथमध्ये २.९ गुणिले १० चा २१ वा घात इतके अणू. त्याला ०.६९३ ने गुणा, अर्धायुष्याने भागा. वर्षाला शंभरच्या आसपास क्षय. किलोभर घेतलंत तर दिवसाला पावणेतीनशेहून जास्त. संख्या मुळीच कमी नाही.

मग इतकी वर्षं कुणाला दिसलं का नाही? कारण हा अल्फा ३.१ एमईव्हीचा, बिस्मथमध्ये तो काही मायक्रॉन गेला की थांबतो. ढेकळाच्या आत काय झालं ते बाहेर ठेवलेल्या डिटेक्टरला कळणार नाही. उपाय एकच: बिस्मथलाच डिटेक्टर करायचं. बिस्मथ, जर्मेनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक घेतला, तो परम शून्याच्या वर केल्विनच्या काही शतांशापर्यंत थंड केला. इतक्या थंडीत एका क्षयानेसुद्धा स्फटिकाचं तापमान मोजण्याइतकं वाढतं. सोबत स्फटिक प्रकाशाची बारीक चमकही देतो. तेवढ्याच ऊर्जेचा गॅमा किंवा बीटा जास्त चमक देतो, अल्फा कमी देतो. उष्णता आणि प्रकाश यांची जोडी लावली की अल्फाचा पट्टा बाकीच्या गर्दीतून स्वच्छ वेगळा निघतो, आणि ३१३७ केईव्हीला (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) शिखर उभं राहतं.

पण अर्धायुष्य मोठं निघालं म्हणजे रचना कळली असं नाही, इथे नवशिक्यांची गल्लत होते. थोरियम-२३२ चा अल्फा सुमारे ४ एमईव्हीचा, अर्धायुष्य १४ अब्ज वर्षं. पोलोनियम-२१२ चा अल्फा सुमारे ९ एमईव्हीचा, अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीच्या थोडी वर, काळात २४ घातांचा फरक. बाहेर पडायला अल्फाला ऊर्जेची जी भिंत पार करावी लागते, तिचा हा सगळा खेळ आहे, १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गॅमॉव्ह यांनी तो उलगडला. भिंत पार करायची शक्यता गणिताने काढायची, मोजलेल्या दराला तिने भागायचं, आणि तो भागाकार करून जे उरतं त्यात केंद्रकाच्या रचनेची खबर असते: आत अल्फासारखा गठ्ठा आधीच किती तयार होता, आधीची आणि नंतरची अवस्था एकमेकींशी किती जुळतात. मुलाखतीत मी विद्यार्थ्यांना हाच भागाकार विचारतो. निम्मे तिथे अडतात.

या भागाकाराचा मला सगळ्यात आवडणारा नमुना रेडियम-२२३ चा. तो अल्फा सोडतो हे शाळेतही सांगतात. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या रोझ आणि जोन्स यांनी दाखवलं की क्वचित तो अख्खं कार्बन-१४ केंद्रक बाहेर फेकतो. साधारण एक अब्ज अल्फांमागे एकदा. सिलिकॉनचा दुपदरी डिटेक्टर लावला: पुढचा पदर पातळ, मागचा जाड. पातळ पदरात किती ऊर्जा गेली आणि एकूण किती होती, यावरून कणाची जात ओळखता येते. १८९ दिवस मोजणी केली. ३० एमईव्हीच्या आसपास घटना मिळाल्या ११. अकरा! अनेक अल्फा एकाच क्षणी येऊन त्यांची ऊर्जा एकत्र मोजली गेली तर तोही मोठा आकडाच दिसतो, त्यामुळे या अकरांवर विश्वास बसावा यासाठी किती घाम गाळावा लागला असेल याची कल्पना करा. (रेडियम-२२३ स्वतः ११ दिवसांत निम्मं होतं, मग १८९ दिवस कसं पुरलं? मूळ स्रोत ॲक्टिनियम-२२७ चा होता. त्याचं अर्धायुष्य बावीसेक वर्षं, आणि रेडियम त्यातून सतत तयार होत राहतं.)

पण खरी गंमत पुढे आहे. कार्बन-१४ निघून गेल्यावर मागे शिसे-२०९ उरतं, म्हणजे शिसे-२०८ हा पूर्ण भरलेला गाभा आणि वर एक सुटा न्यूट्रॉन. सर्वात खालच्या पातळीवर जाण्यात ऊर्जा जास्त मिळते, म्हणजे भिंत सोपी. तेव्हा बहुतेक क्षय तिकडेच जावेत. १९८९ मध्ये ओर्सेच्याच एका गटाने चुंबकीय स्पेक्ट्रोमीटरने कार्बनची ऊर्जा बारकाईने मोजली, तर बहुतेक क्षय पहिल्या उत्तेजित पातळीवर जाताना दिसले, म्हणजे भिंत अवघड असलेल्या वाटेने. कारण? रेडियम-२२३ मधला एकटा न्यूट्रॉन ज्या कक्षेत मुख्यतः वावरतो, तिची जोडी शिशाच्या त्या उत्तेजित पातळीतल्या कक्षेशी जुळते, खालच्या पातळीशी फारशी जुळत नाही. कार्बन निघून जातो, पण सुट्या न्यूट्रॉनला आपली कक्षा बदलायला लागत नाही. अब्जात एकदा होणाऱ्या घटनेतून एका न्यूट्रॉनच्या कक्षेचा पत्ता लागला.

याच्या उलट्या टोकाला टँटलम-१८०. निसर्गातल्या टँटलमपैकी ०.०१२ टक्के तो असतो, आणि तो असतो उत्तेजित अवस्थेत. खालची अवस्था आठेक तासांत संपते, ७७ केईव्ही वर बसलेली ही अवस्था मात्र आजवर कुणाला क्षय होताना दिसलेली नाही. तळमजला ढासळतो आणि माळा अढळ राहतो असं हे घर! वरच्या अवस्थेचा स्पिन ९, खालच्याचा १, आणि मध्ये उतरायला सोयीच्या पायऱ्या नाहीत. अमेरिकेतल्या सॅनफर्डच्या भूमिगत प्रयोगशाळेत सुमारे १७ किलो टँटलम जर्मेनियम डिटेक्टरांमध्ये रचून ठेवलं, २०२३ मध्ये निकाल जाहीर केला: क्षय दिसला नाही, अर्धायुष्य एकावर १७ शून्यं वर्षांच्या वर. असे 'नाही दिसलं' निकाल फुकट जात नाहीत. प्रत्येक वाढीव सीमेने स्पिनच्या अडथळ्याची काही गणितं बाद होतात.

'दिसलं' आणि 'नाही दिसलं' यातलं अंतर किती निसरडं असतं ते स्वतःच्या अनुभवातून सांगतो. आम्ही कथिलाचा एक नमुना जर्मेनियम डिटेक्टरपाशी ठेवला होता. कथिल-१२४ चा दुहेरी बीटा क्षय (दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात तो) टेल्युरियमच्या उत्तेजित पातळीवर होत असेल तर ६०३ केईव्हीचा गॅमा यायला हवा. काही महिन्यांनी फिटमध्ये ६०३ ला इवलासा धन आकडा यायला लागला. गटातला एक जण निबंधाचं शीर्षक ठरवण्यापर्यंत पोचला. मी काउंट दिवसांनुसार वाटून बघितले, तर सगळी वाढ सोमवारी पहाटेची. शिशाच्या कोठडीत रेडॉन हा हवेतला किरणोत्सारी वायू शिरू नये म्हणून द्रव नायट्रोजनच्या टाकीतून उकळून येणारा वायू आत सोडतात. शनिवार-रविवारी टाकी भरायला कुणी येत नसे, सोमवारपर्यंत प्रवाह मंदावायचा आणि रेडॉन आत. रेडॉनच्या वंशातल्या बिस्मथ-२१४ ची ठळक रेषा ६०९ केईव्हीला. तिच्या शिखराचा डावा पायथा आमच्या ६०३ च्या खिडकीत सांडत होता. ताळा घ्यायला १७६४ आणि ३५२ च्या रेषा बघितल्या. त्याही सोमवारीच फुगत होत्या, आणि टाकी भरली की तास-दोन तासांत ओसरत होत्या. शीर्षक कचऱ्यात गेलं, टाकी भरण्याची रविवारची पाळी माझ्या नावावर लागली.

अशा कामात बॅकग्राउंड, म्हणजे इतर कारणांनी होणाऱ्या नको असलेल्या नोंदी, हाच खरा प्रतिस्पर्धी. इटलीतल्या ग्रान सासोच्या डोंगराखाली १४०० मीटर खडक डोक्यावर घेऊन बसायचं ते वैश्विक किरणांपासून लपायला. तिथल्याच एका प्रयोगाने सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं कवच म्हणून वापरलंय, कारण ताज्या शिशात किरणोत्सारी शिसे-२१० असतं आणि दोन हजार वर्षांत ते संपून जातं. तांबं शुद्ध करण्याबद्दल, धुळीबद्दल, हातमोज्यांबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकेन, पण तुम्ही कंटाळाल.

आता दोन्ही घरं जिथे एकत्र येतात ते उदाहरण. कार्बन-१२ मध्ये ७.६५ एमईव्हीला एक पातळी आहे. ताऱ्यात कार्बन बनायचा तर अशी पातळी असलीच पाहिजे, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ च्या सुमारास आधी सांगितलं, मग ती सापडली. तीन अल्फा एकत्र येऊन ही अवस्था बनते आणि बहुतेक वेळा परत तीन अल्फांत फुटते. दहा हजारांत साधारण चार वेळा गॅमा सोडून खाली उतरते आणि टिकाऊ कार्बन होतो. ताऱ्यांमधला कार्बन या चारांचा.

ताऱ्यातला दर काढायला हवा प्रारणाचा (गॅमा सोडून खाली उतरण्याचा) निव्वळ दर, नुसतं प्रमाण पुरत नाही. पातळीची एकूण रुंदी (तिच्या ऊर्जेचा पसारा, क्षयाचा दर जितका जास्त तितका मोठा) ९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. आमचे डिटेक्टर हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक कसाबसा ओळखतात, म्हणजे रुंदी थेट मोजणं अशक्य. मग काय करतात? ही अवस्था आणि कार्बनची तळपातळी, दोघींचा स्पिन शून्य. शून्यातून थेट शून्यात उतरताना एकटा गॅमा सुटू शकत नाही, पण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी सुटू शकते. ही वाट दहा लाखांत सहा-सात वेळाच. प्रमाण मोजायचं ते या दुर्मीळ क्षयातून. आणि त्याच संक्रमणाचा निव्वळ दर कुठून? इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगमधून. मघाशी म्हटलं तसा इलेक्ट्रॉन ऊर्जा देऊन कार्बनला याच पातळीवर उचलतो, आणि उचलण्याची ताकद व जोडी सोडून उतरण्याची ताकद या एकाच राशीच्या दोन बाजू. तो आकडा ६२ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. त्याला दहा लाखांतल्या ६.७ ने भागा, एकूण रुंदी ९ च्या थोडी वर येते. तिला दहा हजारांतल्या चारने गुणा. झाला ताऱ्यांना लागणारा दर. यातला एक तुकडा मारा करणाऱ्यांचा, दोन तुकडे क्षय मोजणाऱ्यांचे, आणि कुठल्याही एकाशिवाय गणित अर्धवट.

त्यातही भांडण झालंच. २०२० मध्ये एका मोजमापात 'दहा हजारांत चार' ऐवजी सहाहून थोडं जास्त आलं. खगोलवाल्यांची धावपळ उडाली. त्यानंतर इतर गटांनी वेगळ्या पद्धतीने मोजलं आणि आकडा पुन्हा चारच्या जवळ आला. याच पातळीच्या स्कॅटरिंगवरून असंही दिसतं की ती तळपातळीपेक्षा बरीच फुगलेली आहे, तीन अल्फा सैलसर बसल्यासारखी.

जर्मेनियम-७६ ची गोष्टही त्याच वळणाची. दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होऊन दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो (अतिशय हलके, क्वचितच कशात अडकणारे कण) सुटतात, या क्षयाचं गणित मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३५ मध्ये मांडलं. (केंद्रकाच्या कवच-रचनेसाठी पुढे १९६३ चं नोबेल मिळालं त्या याच.) प्रयोगशाळेत तो थेट दिसायला १९८७ उजाडलं, तोही सेलेनियम-८२ मध्ये. न्यूट्रिनो न सोडता होणारा प्रकार अजून दिसलेला नाही. जर्मेनियम-७६ साठी ग्रान सासोच्या प्रयोगाने २०२० मध्ये दिलेली सीमा १८ वर २५ शून्यं वर्षांच्या वर आहे. अर्धायुष्य नेमकं तेवढं धरलं तर किलोभर शुद्ध जर्मेनियम-७६ मध्ये बत्तीस-तेहतीस वर्षांत एक क्षय. बिस्मथशी ताडून बघा.

समजा उद्या तो दिसला. अर्धायुष्यावरून न्यूट्रिनोचं वस्तुमान काढायचं तर मध्ये केंद्रकाच्या रचनेचा एक गुणक येतो, आणि तो वेगवेगळ्या मॉडेलांत दोन-तीन पटींनी वेगळा येतो. तो थेट मोजता येत नाही. पण २००८ मध्ये एका गटाने जर्मेनियम-७६ आणि या क्षयानंतर मागे उरणारं सेलेनियम-७६ यांच्यावर ड्यूटेरॉन, प्रोटॉन, अल्फा यांचा मारा करून एकेक न्यूट्रॉन घालायच्या-काढायच्या अभिक्रिया मोजल्या, आणि कुठल्या कक्षेत सरासरी किती न्यूट्रॉन आहेत याचा हिशेब लावला. तो काही मॉडेलांनी गृहीत धरलेल्या भरणीशी जुळला नाही. मॉडेलं सुधारली तेव्हा त्यांच्यातला फरकही कमी झाला. जमिनीखाली वाट बघणाऱ्यांच्या सर्वात मोठ्या अडचणीवर उतारा ॲक्सेलरेटरवाल्यांकडून आला.

गट निवडण्याबद्दल. तुम्हाला हाताने यंत्रं जुळवायला आवडत असेल, आठ दिवसांच्या बीम टाइममध्ये झोप विसरून पुढची दोन वर्षं त्याच डेटावर बसायची तयारी असेल तर स्कॅटरिंगकडे जा. तिथे आत्ता नवं घडतंय ते अल्पायुषी केंद्रकांचं. त्यांचं टार्गेट बनवता येत नाही, म्हणून आजवर इलेक्ट्रॉनचा मारा जवळपास स्थिर केंद्रकांवरच झाला. जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये सीझियम-१३७ चे कोटीभर आयन इलेक्ट्रॉनच्या बीममध्येच अडकवून त्यांच्यावर स्कॅटरिंग करून दाखवलं. कोटीभर म्हणजे नेहमीच्या टार्गेटच्या मानाने काहीच नाही. लिथियम-११ सारखं, काही मिलिसेकंदच जगणारं आणि दोन न्यूट्रॉन दूरवर लोंबकळत ठेवणारं केंद्रक या पद्धतीच्या आवाक्यात यायला अजून बराच पल्ला आहे, पण तुमच्या पीएच.डी.च्या वयात पल्ला असलेलीच दिशा बरी.

चिकाटी आणि स्वच्छतेचं वेड असेल, शून्य निकालाची भीती नसेल तर जमिनीखाली या. दोन्हीकडे अर्ज करण्याआधी त्या गटाला भेटा आणि त्यांचा गेल्या वर्षीचा बॅकग्राउंडचा आलेख दाखवायला सांगा. प्रत्येक शिखराला नाव आणि कारण लिहिलेलं असेल तर बेलाशक जा. एखाद्या शिखरापाशी प्रश्नचिन्ह असेल तर आणखी चांगलं, ते तुमचं पहिलं काम. आणि वर दिलेली बिस्मथ आणि जर्मेनियमची गणितं स्वतः करून पाहा, कुठे अडलात तर पायऱ्या लिहून पाठवा, मी बघतो.